‘नवी’ म्हणून आलेली ब्रेक डिस्क जुनीच निघाली

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हल्ली जुन्या महागड्या एसयूव्ही बऱ्याच दिसतात. एके काळी ज्या गाडीकडे नुसतं बघत राहायचो, ती आज नव्या छोट्या गाडीच्या पैशांत मिळते. गाडी स्वस्त झाली तरी तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, हे मात्र ती दारात आल्यावरच कळतं. ही अडचण नेमकी हेरून आपल्याला गाठणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाने मला ब्रेकच्या मालात फसवलं. सीटकव्हरमध्ये फसवलं असतं तर एवढं लिहिलं नसतं.

माझी गाडी २००९ ची पोर्शे कायेन एस. ४.८ लिटरचं व्ही ८ इंजिन, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. पंधरा वर्षं भरली की खाजगी गाडीची आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी फिटनेसला दाखवावी लागते. त्याआधी मिस्त्रींनी पुढची चाकं उतरवली आणि डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, जिला दोन्हीकडून पॅड आवळले की गाडी थांबते) मायक्रोमीटर लावला. या गाडीची पुढची डिस्क ३५० मिलिमीटर व्यासाची, नवी असताना जाडी ३४. झिजून ३२ झाली की बदलायची. ही किमान जाडी डिस्कवरच ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे कोरलेली असते. माझी ३१.६ भरली. बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कंपनीचं शोरूम मुंबईला किंवा बेंगळुरूला; बेळगावहून दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. दोन डिस्क आणि पॅडचा भाव विचारला तर लाखाच्या वर गेला. मग ओळखीपाळखीत शोध सुरू झाला आणि जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून महाराष्ट्रातल्या एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड, आणि माहितीही पक्की. ही गाडी फोक्सवॅगन तुआरेग आणि ऑडी क्यू ७ यांच्याच बांधणीवरची, त्यामुळे बरेच पार्ट जुळतात. पॅड आवळणारे कॅलिपर ब्रेम्बो कंपनीचे, पुढे सहा पिस्टनचे. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं, आणि ते खरंच आहे. व्हिडिओ कॉलवर रॅकमधले सीलबंद डबे दाखवले. दोन डिस्क, पॅडचा सेट आणि पॅड झिजल्याचं कळवणारा सेन्सर मिळून अडतीस हजार. निम्मे आधी यूपीआयवर, उरलेले माल ट्रान्सपोर्टला आल्यावर. ट्रान्सपोर्टच्या काउंटरवर पैसे भरल्याशिवाय डबा उघडू देत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. या लोकांचा सगळा खेळ त्या नियमावरच चालतो.

डबे गॅरेजमध्ये उघडले. डिस्कवर करड्या रंगाचा ताजा थर, लेथची बारीक रेघ, वरून तेलकट कागद. दिसायला कोरी. मिस्त्रींनी ती उचलली, हातातच थोडी फिरवली आणि म्हणाले, “हे बघा की ओ, रंगाखाली बोल्ट बसल्याच्या खुणा हायत.” खरंच, मधल्या टोपीच्या भागावर पाचही भोकांभोवती दाबल्याचे गोल वळ होते. छोट्या स्क्रूच्या भोकाच्या कडा पान्याने खाल्लेल्या. मायक्रोमीटर लावला: ३२.३.

माझे एक मामा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये आयुष्यभर राबलेले. त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी टॉर्च घेऊन दोन पाळ्यांमधल्या हवेच्या वाटांत डोकावून पाहिलं, आत सळई फिरवली, तर तांबूस गंजाची पूड खाली पडली. “बाहेरून लेथवर घेतलंय रे पोरा, आत कोण हात घालणार? बीड हाय ते, ओतीव लोखंड, आतला गंज तसाच राहतोय.” मग दोन्ही डिस्क शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या डिस्कच्या आतल्या पट्ट्या वाकड्या असतात, चाक फिरताना हवा बाहेर फेकण्यासाठी. म्हणून डावी वेगळी, उजवी वेगळी. फोक्सवॅगन गटाच्या पार्ट नंबरात अशा जोडीतला विषम आकडा डावा आणि सम आकडा उजवा असतो. डब्यांवर नंबर बरोबर होते, एक विषम, एक सम. आतलं लोखंड मात्र दोन्हीकडे डाव्याच बाजूचं. भंगारातून जे हाती लागलं ते कातून, रंगवून भरलेलं.

यात पैशापेक्षा मोठं काय जातं ते सांगतो. आंबोलीहून दाणोलीकडे किंवा चोर्ल्यातून गोव्याकडे उतरताना सव्वादोन टनांचा सगळा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. ती उष्णता झेलायला लोखंडाचं वस्तुमान लागतं आणि बाहेर टाकायला आतून खेळणारी हवा. माझ्याकडे आलेल्या जोडीत लोखंड कमी, आणि उजव्या चाकाला डावी डिस्क म्हणजे पट्ट्या उलट्या, हवा नीट ओढलीच जात नाही. अशा वेळी पॅड तापून पकड सोडतात, ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. मागे घरची माणसं बसलेली असतात. त्या विक्रेत्याला हे सगळं कळत होतं. गाडीची एवढी माहिती असलेल्या माणसाला ते न कळणं शक्यच नाही. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

पॅडची तीच गत. युरोपात बदली पॅडना आर ९० ही मान्यता लागते; अस्सल मालाच्या पाठच्या पत्र्यावर गोलात ‘ई’ आणि देशाचा आकडा (जर्मनीचा १, इटलीचा ३), शेजारी ९०आर ने सुरू होणारा क्रमांक असतो. माझ्या पॅडवर तो स्टिकरवर छापलेला होता आणि नखाने सोलून निघाला. सेन्सरसाठी खाचच नव्हती.

आता बिल. ते डब्यातच आलं, म्हणजे पैसे गेल्यावर. सीमेवर राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. २७ वाल्याने बेळगावला माल पाठवला तर बिलावर आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा कर) लागायला हवा. माझ्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन तुकडे होते, जे राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालाला लागतात. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला (पैसे लागत नाहीत, लॉगिनही नको) तर नोंदणी कापडाच्या व्यापाऱ्याची, तीही रद्द झालेली. म्हणून पैसे देण्याआधीच बिलाचा फोटो मागा. खरा दुकानदार लगेच पाठवतो.

फोन केला तर “ब्रेकच्या मालाला रिटर्न नाही” एवढंच बोलून त्याने नंबर ब्लॉक केला. पोलिसांत गेलो तर इकडचे म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच द्या. आपल्या भागात हे ऐकायची सवय झालीय, पण ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने घ्यावीच लागते. कलमाचं नाव घेतल्यावर माझी घेतली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरातच फोन करा. पुढच्या खात्यातून रक्कम निघण्याआधी ती अडवता येते.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली आहे. जोडीला मायक्रोमीटरच्या मापांचे फोटो, सोललेला स्टिकर, ट्रान्सपोर्टची पावती. डिस्क परत पाठवलेल्या नाहीत. “माल पाठवा, मग पैसे देतो” असा निरोप एका तिसऱ्याच नंबरावरून आला होता. माल गेला की पुरावा गेला.

काही मित्र म्हणाले, एवढ्या फाउंड्र्या बेळगावात असताना इथेच ओतून घे. आपल्या कारागिरांबद्दल मला अभिमान आहे, ते हुबेहूब ओततीलही. पण मामांनीच नको म्हणून सांगितलं: लोखंडाची ग्रेड, बॅलन्स आणि तापवून घेतलेली चाचणी यांशिवाय ब्रेकचा पार्ट रस्त्यावर आणायचा नसतो. शेवटी स्वस्तातला सरळ मार्ग निघाला तो असा: चॅसिस नंबरावरून अचूक पार्ट नंबर काढला आणि गाडीच्या कंपनीच्या डब्याऐवजी नावाजलेल्या ब्रेक कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला माल बेंगळुरूच्या अधिकृत वितरकाकडून घेतला. शोरूमच्या भावापेक्षा बराच कमी पडला, आणि बिलावर नंबर २९ चा.

गेल्या वर्षभरात कुणी अशाच ग्रुपवरून डिस्क घेतल्या असतील तर पुढच्या घाटाआधी एकदा चाक उतरवून जाडी मोजा, टोपीवर बोल्टचे वळ आहेत का पाहा आणि दोन्हीकडच्या पट्ट्यांची दिशा तपासा. मिस्त्रींचं अर्ध्या तासाचं काम आहे.