प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट: डिसेंबरात रेल्वे की बस?

दहा-बारा विद्यार्थ्यांच्या गटाला बस मोहात पाडते, कारण ऐनवेळीही तिचं तिकीट बहुधा स्वस्त मिळतं. रेल्वेची सवलतीची तिकिटं मर्यादित असतात; महिना-दीड महिना आधी काढली तर फरक बराच कमी होतो. मात्र ती ठरावीक गाडीलाच चालतात, आणि आसन आरक्षण बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं. ते टाळलं की नाताळच्या गर्दीत गट डब्याडब्यांत विखुरतो.

वेळेत रेल्वे सरस: प्राग–व्हिएन्ना सुमारे ४ तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. बसही कागदावर फार मागे नाही, पण बर्फ पडला किंवा महामार्ग तुंबला की वेळापत्रक कोलमडतं.

रात्रीच्या बसने हॉस्टेलचं भाडं वाचतं खरं, पण पहाटे पाचला उतरून करायचं काय? उजाडतं साडेसातच्या सुमारास, खोली मिळते दुपारी, आणि चारला पुन्हा अंधार. थंडीत पेंगत काढलेला दिवस वाया जातो. म्हणून या मार्गावर सकाळची रेल्वेच घ्यावी.

२४ डिसेंबरला मात्र दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचा. बुडापेस्टमध्ये त्या संध्याकाळी मेट्रो-ट्राम जवळपास थांबतात. पासपोर्ट आणि निवास परवाना अंगावरच ठेवा, सीमेवर तपासणी होऊ शकते.