बंक बेड की खालून ओढायचा पलंग?

दोन मुलं, लहान खोली आणि बजेट बेताचं. मैत्रीण याच पेचात आहे.

बंक बेड, म्हणजे एकावर एक दोन पलंग, एका पलंगाच्या जागेत दोघांना झोपवतो. ओढायचा पलंग दिवसा मोठ्या पलंगाखाली सरकतो आणि खेळायला जमीन मोकळी ठेवतो, पण रात्री तीच अडवतो. म्हणून माप घेताना तो पूर्ण बाहेर काढलेला धरा.

सुरक्षितता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 6 वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. कठडा गादीच्या वर निदान 5 इंच उरायला हवा; जाड गादी घातली की तो बुटका होतो, आणि हे दुकानात लक्षातच येत नाही. वर छताचा पंखा असेल तर बंकचा विचारच सोडा.

वरची चादर बदलणं, तापलेल्या मुलाच्या उशाशी बसणं बंकवर अवघड. ओढत्या पलंगाच्या चाकांत जमिनीवर पडलेले केस अडकतात, तेवढंच.

खर्चात सुटा होणारा बंक सरस, पुढे त्याचे दोन स्वतंत्र पलंग होतात. ओढत्या पलंगाची खालची गादी पातळच लागते, वाढत्या मुलाला ती फार वर्षं पुरत नाही.

धाकटं अजून लहान असेल किंवा पाहुण्यांपुरतीच सोय हवी असेल, तर ओढायचा घ्या. दोघंही मोठी आणि छत उंच असेल, तर सुटा होणारा बंक.