पुढची चाकं, मागची की चारही?

महिन्यातून दोनदा कसारा घाट आणि पावसाळ्यात निफाडकडचा मळा, दोन्हीला चालेल अशी गाडी कोणती?

ओल्या डांबरावर फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना) बरी. इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. वळणात वेग जास्त झाला तर ती वळायचं सोडून सरळ घसरते. ॲक्सिलरेटर हळूच सोडला की सावरते. मात्र खड्या, निसरड्या चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं जागीच फिरतात.

रिअर व्हील ड्राइव्ह (जोर मागच्या चाकांना) तिथे सरस, त्यात मागे द्राक्षांचे क्रेट असतील तर फारच. रिकाम्या गाडीला ओल्या वळणात जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू फिरते.

फोर बाय फोर (जोर चारही चाकांना) काळ्या मातीच्या चिखलातून निघते, पण ब्रेक लावल्यावर इतर गाड्यांपेक्षा लवकर थांबत नाही. ते काम टायरचं. चारही चाकं लिव्हरने जोडायची जुन्या पद्धतीची असेल तर कोरड्या डांबरावर जोडून वळू नका, गिअरवर ताण येतो. किंमत आणि इंधन दोन्ही जास्त.

शहर नि घाटाला पुढची पुरे, ओझ्याला मागची. मळ्याची वाट पावसाळाभर चिखलातच असेल तरच चारही. टायरच्या नक्षीची खोली ३ मिमीखाली गेली असेल, तर आधी टायर बदला.