डान्सहॉलचा सेट शिवायचाय? सांगलीतला हा टेलर बघा

पाटीवर फक्त ‘जेंट्स टेलर्स’. काउंटरवर सफारीच्या कापडाचे तागे, मागे तीन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड गुंफून शिवणारं मशीन. सांगलीच्या कापड पेठेजवळच्या या दुकानात डान्सहॉल या जमैकाच्या नाचाच्या संगीताच्या धाटणीचा शर्ट-पँटचा सेट शिवून मिळतो, आणि तो खरोखर झकास मिळतो. याच धाटणीची जाळीची बनियन मात्र इथे शिवायला टाकू नका.

सेट म्हणजे एकाच कापडाचा उघड्या कॉलरचा शर्ट आणि घोळदार पँट. डान्सहॉल गायक शब्बा रँक्सला 1992 मध्ये ग्रॅमी मिळालं, त्या सुमाराची ही ढब. ढगळ म्हणजे मोठ्या मापाचं, असा बहुतेक टेलरांचा समज असतो. 40 इंच छातीच्या गिऱ्हाइकाला ते सरळ 48 चा शर्ट कापतात. मग गळा मागे सरकतो, शोल्डरची शिवण दंडावर उतरते आणि पँटचं आसन लोंबतं. इथले मास्तर गळा आणि कंबर अंगाबरोबर घेतात, सगळा सैलपणा छातीला आणि मांडीला देतात. 40 छातीला तयार शर्ट 50 भरतो, पँटला पुढे दोन-दोन चुण्या, मोहरी म्हणजे पायाचा खालचा घेर 22 इंच. चुण्या पट्ट्यात पक्क्या दाबल्यामुळे चालताना पँट झुलते आणि बसताना मांडीवर ओढत नाही. या कटिंगसाठीच हे दुकान गाठावं.

मोहरीचा आकडा मात्र पावतीवर लिहून घ्याच. स्लिम पँटा शिवून कारागिरांचे हात तसेच वळलेत. तोंडी सांगितलेली 22 कापताना 18 होते, आणि कापलेलं कापड वाढवता येत नाही.

कापड आपण न्यायचं. 44 पन्ह्याचं 5 मीटर, 58 चं पावणेचार. मोठ्या फुलांचं किंवा पानांचं छापील असेल तर मीटरभर जास्त घ्या. पुढच्या पट्टीवर फूल जुळवायला कापड वाया जातंच. पट्टी मास्तर न सांगता जुळवतात, खिसा सांगावा लागतो.

चमक हवीच. जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या रस्त्यावरच्या डान्समध्ये व्हिडिओवाला प्रखर दिवा घेऊन गर्दीत फिरतो आणि त्या उजेडात उठून दिसणं हा या पेहरावाचा जीव आहे. म्हणून सॅटिन. पण पॉलिस्टर सॅटिन सांगलीच्या एप्रिलमध्ये पाठीला चिकटतं, घामाचे डागही दिसतात. व्हिस्कोस सॅटिन अंगाला गार लागतं, फक्त पाण्यात आटतं. ते रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच द्या. दुकानात कापड भिजवत नाहीत. सॅटिनसाठी इथे 11 नंबरची नवी सुई लावतात, हे पाहून बरं वाटलं. जाड कापडाची 16 नंबरची सुई तशीच चालवली की धागे ओढले जातात आणि शिवणीशेजारी रेघ उमटते, ती इस्त्रीनेही जात नाही. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, अर्धा इंच ठेवायला सांगा, आसनाला दुहेरी शिलाई. सॅटिनचा धागा सुळकन सरकतो, कमी माया असेल तर बसल्या बसल्या शिवण उसवते.

आता बनियन. जमैकात तिला मेश मरीना म्हणतात. जाळीच्या बनियनची मूळ कल्पना नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याची, 1933 ची, मासेमारीच्या जाळ्यावरून सुचलेली. वर कपडे चढवले की भोकांत हवा अडकून ऊब राहते. एकटी घातली की वारा लागतो आणि घाम सुकतो. दुकानात ती खेळाच्या जर्सीच्या जाळीतून शिवतात आणि तिथे हात तोकडा पडतो. साध्या मशीनची सरळ टीप ताणली जात नाही, त्यामुळे डोक्यातून घालताना तुटते. तिथे ओव्हरलॉक किंवा बारीक झिगझॅग लागते. गळ्याची रिब पट्टी गळ्याच्या घेराएवढीच कापतात, म्हणून गळा फुलासारखा पसरतो. पट्टी साधारण आठव्या हिश्श्याने आखूड कापून, ताणून बसवायची असते. सुईही गोल टोकाची हवी. होजिअरी शिवणारा कारागीर हे काम सहज करेल.

रंगांबद्दल एक सांगून ठेवतो. शर्टाच्या पाठीला लावायला मास्तर लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या दाखवतात. ते रंग इथिओपियाच्या झेंड्याचे, जमैकातल्या रास्ताफारी या धार्मिक पंथाने आपलेसे केलेले. जमैकाच्या 1962 च्या झेंड्यात काळा, हिरवा, सोनेरी आहे, लाल नाही. दोन्ही चालतात, पण काय घालतोय ते ठाऊक असावं.

सेटची शिलाई 1,400 रुपये, दहा दिवस, मध्ये एक ट्रायल. गणपतीच्या आधी महिनाभर नवं काम घेत नाहीत. ट्रायलला जो बूट घालणार तोच घालून जा. जमैकात क्लार्क्स या ब्रिटिश कंपनीच्या बुटांचा फार मान, डेझर्ट बूट त्यातलाच. टाच बेताची, त्यामुळे चपलेवर घेतलेली उंची त्याला चुकते. 22 ची मोहरी बुटाच्या पाठीवर टेकून जमिनीपासून अर्धा इंच वर थांबली पाहिजे. खाली गेली तर टाचेखाली येऊन पहिल्याच रात्री फाटते.