पुण्याची कचरासेवा: उंबऱ्याशी चोख, नदीपात्रात ढिली

पुणे शहराच्या स्वच्छतासेवेला गुण द्यायचे झाले, तर दारातल्या कचऱ्याचे गुण वेगळे आणि रस्त्यावरच्या कचऱ्याचे वेगळे मांडावे लागतील. दारातल्या कामाला मी निःसंकोच पैकीच्या पैकी देईन. २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था असून तिच्या सभासदांत महिला बहुसंख्य आहेत. ओल्याच्या बादलीत दुधाची पिशवी दिसली, तर ढकलगाडी घेऊन आलेली ताई ती बाजूला काढते आणि घरच्यांना दारातच चार शब्द सुनावते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावा, हेही फलक वाचून कळण्यापेक्षा असे दारात सांगितल्याने अधिक पटते. नागरिकांचे मासिक शुल्क आणि पुठ्ठा, बाटल्या, पत्रा यांना भंगारात मिळणारा भाव या दोन्हींवर तिची कमाई अवलंबून असल्यामुळे वर्गीकरण काटेकोर होण्यात तिचाही फायदा असतो.

ही व्यवस्था शुल्क देणाऱ्या दारापाशी मात्र थांबते. शुल्क वाचवू पाहणारे आणि गाडी येण्याआधीच कामावर निघणारे लोक पिशवीला गाठ मारून ती दुचाकीवरून जाता जाता कोपऱ्यावर भिरकावतात. अशा जागी रांगोळी काढून कुंड्या मांडल्या, तरी ढीग फार तर पुढच्या वळणावर सरकतो. त्यापेक्षा रात्री एखादी फेरी ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

राडारोड्याचे दुखणे याहून जुनाट आहे. बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत, वाघोलीला प्रक्रिया प्रकल्पही आहे. पण न्हाणीघराच्या फरश्या बदलणाऱ्या लहान ठेकेदाराला सिंहगड रस्त्यावरून वाघोलीपर्यंतचे टेम्पोभाडे भरण्यापेक्षा अंधारात मुठेचे पात्र गाठणे स्वस्त पडते. रिकाम्या टेम्पोमागे धावण्यापेक्षा सोसायटीत दुरुस्ती सुरू होतानाच अनामत घेऊन प्रकल्पाची पावती दाखवल्यावर ती परत करावी, असे मला वाटते.

भिंती विद्रूप करण्याविरुद्ध तर कायदा १९९५ पासून आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दीडशे रुपये दंड करून ती पिंक त्यांच्याकडूनच पुसून घेण्याची मोहीम महापालिकेने काढली होती आणि तिची चर्चा राज्याबाहेरही झाली. तोच खाक्या विजेच्या डबीवर, बसथांब्यावर आणि नव्याने रंगवलेल्या भिंतीवर शिकवण्यांची, भाड्याच्या खोल्यांची, ढेकूण मारण्याची पत्रके चिकटवणाऱ्यांना का लावू नये? येथे गुन्हेगार शोधायचीही गरज नाही, कारण त्याने आपला मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत स्वतःच छापलेला असतो.