नागपूरच्या धरमपेठेतलं दातांचं क्लिनिक, खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) खाणाऱ्यांनी एकदा तोंड दाखवूनच या

मागच्या महिन्यात मामांना घेऊन गेलो होतो. गालात आतून पांढरा चट्टा, तिखट लागलं की नुसती आग. आधी जिथे दाखवलं तिथे दीड महिना फक्त जेल लावायला दिला, तोंडात बॅटरी मारून पाहिलं पण नाही, त्याचा राग अजून गेला नाही माझा.

इथल्या मॅडम म्हणाल्या, काका, स्वतःची 3 बोटं उभी तोंडात घालून दाखवा. दोनच गेली, म्हणजे तोंड पूर्ण उघडत नव्हतं. मग गॉजच्या तुकड्यात जीभ पकडून दोन्हीकडून ओढून पाहिली, टॉन्सिल पाहिले, मानेत गाठी चाचपल्या. एवढं कोण पाहतं हो आजकाल!

मामांनी मोबाईलवर वाचलं होतं की तोंडाचा कॅन्सर व्हायरसनं होतो, अन् तेच धरून बसले, मग मी खर्रा काहून सोडू म्हणे. मॅडमनी चिडचिड न करता सांगितलं की एचपीव्ही व्हायरस खरा आहे, त्याचा 16 नंबरचा प्रकार मुख्यतः टॉन्सिल अन् जिभेच्या मुळाशी कॅन्सर करतो, पेशींच्या वाढीला जो ब्रेक असतो तोच निकामी करतो, म्हणून कधीच तंबाखू न खाणाऱ्यालाही होऊ शकतो, मानेत न दुखणारी गाठ आली तर थांबायचं नाही. पण गाल अन् हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे बहुतेक तंबाखू-सुपारीचाच, अन् तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तरी सुटका नाही. व्हायरसचं नाव पुढे करून खर्रा चालू ठेवता येत नाही काका, असं स्पष्ट बोलल्या. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण आमच्या घरात हे इतकं सरळ कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

मामेबहीण 12 वर्षांची आहे, तिच्यासाठी या एचपीव्हीच्या लसीचं पण विचारलं. या वयात 2 डोस, पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक पण चालते, 16 नंबर त्यात आहे. मामांना मात्र आता लसीचा उपयोग नाही म्हणाल्या.

बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही, तोंड आखडायचा आजार निघाला, सबम्युकस फायब्रोसिस. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत ठेवून तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, रोज करून राहिले, खर्रा 19 दिवसांपासून बंद.

फी 300, संध्याकाळी गर्दी फार, सकाळी जा.