चार टाके, त्यातला एक ओढलेला

मी शिवणकाम करते, ३१ वर्षं झाली. त्यामुळे उजव्या फऱ्याखाली कळ यायला लागली तेव्हा दोष मशीनलाच दिला. दिवसभर वाकून बसायचं म्हटल्यावर पाठ दुखणारच. सोबत पोटात वर गच्च व्हायचं, मळमळायचं, तर म्हटलं पित्त झालं असेल. आपल्या भाषेत हा घोळच आहे. जळजळलं तरी पित्त, उलटी झाली तरी पित्त, आणि ज्या पिशवीत खरं पित्त साठतं तिचं दुखणं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आधी गेले त्या दवाखान्यातही आलं नाही. पोटाला हात न लावता ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्यांना शून्य.

हा अभिप्राय माझं पित्ताशय जिथे काढलं त्या रुग्णालयाच्या सर्जरी विभागासाठी आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

रात्री नऊला सुरू झालेली कळ पहाटे चारपर्यंत हटेना. आधीच्या कळा दोन-तीन तासांत विरायच्या. यावेळी वर थंडीही भरली. मुलीने उचलून नेलं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि म्हणाल्या, "काकू, खोल श्वास घ्या." श्वास अर्ध्यावर गेला आणि थांबला, जाड शिवणीवर सुई अडकते तसा. डावीकडे तेच केलं तर काही नाही. याला मर्फीची खूण म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. श्वास घेतला की यकृत खाली सरकतं आणि सुजलेलं पित्ताशय बोटांवर येऊन टेकतं. सोनोग्राफी पुढे झालीच, पण दुखणं कुठलं ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. या बाईंना पाचपैकी पाच.

सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत ५ मिलिमीटर निघाली (३ पर्यंत ठीक धरतात), भोवती थोडं पाणी, आणि पिशवीच्या मानेपाशी १४ मिलिमीटरचा खडा असा घट्ट बसलेला की मी कूस बदलली तरी हलेना. तोंडच बंद झाल्यावर पिशवी सुजणार नाही तर काय. पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा रक्तातला आकडा, ठीक, मुख्य पित्तनलिकाही फुगलेली नव्हती, म्हणजे खडा तिथे उतरलेला नसावा. उतरला असता तर तो तोंडातून दुर्बीण घालून वेगळा काढावा लागला असता.

सर्जननी रिपोर्टच्या पाठीमागे पेरूसारखी आकृती काढून दाखवली. मी विचारलं, नुसते खडे काढून पिशवी शिवून टाकता येत नाही का? ते हसले नाहीत, हे आवडलं. म्हणाले, खडे त्या पिशवीतच तयार होतात, ठेवली तर पुन्हा होतील. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. ती नसली तर पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं.

मुलीने विचारलं, सूज उतरेपर्यंत थांबायचं का? तिच्या मैत्रिणीच्या आईला दीड महिना थांबवलं होतं. सर्जन म्हणाले, पूर्वी तसंच करायचे. आता भूल झेपणार असेल तर पहिल्या काही दिवसांतच काढतात. थांबलेल्यांतले बरेच जण मध्येच पुन्हा कळ घेऊन येतात, शिवाय ताज्या सुजेत थर सुटे होतात, नंतर एकमेकांना चिकटतात. चिकटलेलं अस्तर सोडवताना वरचं कापड फाटतं, हे मला कुणी सांगायला नको. अगदीच अशक्त माणसाला आधी बाहेरून बारीक नळी घालून पित्ताशय रिकामं करतात म्हणे.

संमतीपत्र मी ओळ न् ओळ वाचलं. मुख्य नळीला इजा होण्याचा धोका त्यांनी न विचारता सांगितला, हजारात तीन-चार जणांना होते. गरज पडली तर पोट उघडावं लागेल, हेही. तोवर तोंडाने काही नाही, सलाईन, अँटिबायोटिक आणि वेदनेचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

आता तक्रार. ऑपरेशनच्या रात्री उजवा खांदा असा ठणकायला लागला की मला वाटलं, खडा राहिला आत. तासभर एकटी घाबरत पडले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "अहो मावशी, तो गॅस आहे." दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा उरतो आणि श्वासपटलाला टोचतो, पण दुखतं खांद्यात, कारण दोन्हींच्या नसा मानेतूनच येतात. दोन दिवसांत जातो. गेलाही. पण एवढा समजावणारा विभाग, हे एक वाक्य आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? डिस्चार्जलाही तेच. "हलकं खा" एवढंच. मशीनवर कधी बसू, काही दिवस पातळ शौचाला झालं तर घाबरू नको, हे सगळं फोन करून विचारावं लागलं. ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी दिसली तर लगेच या, ही सूचना कार्डाच्या मागे इतक्या बारीक अक्षरात की मला सुईत दोरा ओवायचा चष्मा लावावा लागला. एक तारा इथे कापला.

तपासणीला पाठवलेल्या पित्ताशयाचा रिपोर्ट आठवड्याने आला. जुनी सूज, तिच्यावर नवी, कॅन्सर नाही. म्हणजे मशीन बिचारं कित्येक महिने उगाच शिव्या खात होतं.

टाके चार. बेंबीचा असा की शोधावा लागतो. उजवीकडचे दोन बरे. वरचा, बरगड्यांच्या मधोमध असलेला, मात्र ओढलेला, एका कडेला चुणी आली आहे. फॉलोअपला मी ती बोट ठेवून दाखवली. रात्रपाळीच्या त्याच डॉक्टर समोर होत्या. लाजून म्हणाल्या, "काकू, तो माझा." मी म्हटलं, दोरा जरा सैल सोडत जा.